मद्रासचा बाळंतविडा

निघोजे,
मंगळवार, ४ नोव्हेंबर २०२५

मोनिकास,

आशीर्वाद. त्याला पैसं पडत न्हाईत म्हणून देते.

तुला वाटंल, सासू बोलायची बंद झाली ती आता लिव्हायला कशी लागली. तर ऐक. परवा तू गणूला कडेवर घेऊन माझ्या ओट्यावर उभी राहिलीस आणि म्हणालीस, "आत्या, आम्ही दोघं विमानाने चेन्नईला जाणार, विजयश्रीकडे. तिकीट काढलंय." काढू का म्हणून इचारलं न्हाईस, काढलंय म्हणून सांगितलंस. तवाच म्या भैरोबाकडं हात करून शपथ घातली, जावळ काढायच्या आधी ह्या लेकराला मुलुखाभायेर न्यायचं काढलंस, आता तुझ्याशी तोंडानं बोलणार न्हाई. शपथ तोंडाची हाय, हाताची न्हाई. माझी चौथी झालेली हाय आणि हात अजून शाबूत हाय.

ओंकार रोज वाकडवरनं चाकणला कंपनीत येतो आणि घरी जाताना इथं भाजीची पिशवी न्यायला थांबतो. त्या पिशवीत चिठ्ठी टाकत जाईन. मेथीखाली बघत जा.

आता मुद्द्याचं. पाच महिन्याचं लेकरू, आत्ता कुठं मान धरली. त्याला इमानात कोंबून मद्रासला न्यायचं, ते कशापायी? मैत्रिणीला दाखवायला. का गं, मैत्रिणीला इमान मिळत न्हाई? मद्रासवरनं हिकडं येणारं इमान अजून काढलंच न्हाई व्हय कुणी? बारशाला आली न्हाई. लेकीच्या माहेरानं बाळबाळंतिणीला कपडालत्ता आणायचा, बाळंतविडा द्यायचा, ही रीत. तुझी मैत्रीणच तुझं माहेर म्हणतीस ना? तर तिच्याकडनं मोबाईलवर फुलांचं चित्र आलं, आणि ते तू सगळ्या बायांना दाखवत फिरलीस. माझी जाऊ म्हणाली, "हाच का गं बाळंतविडा? नेसायचा कसा?" सगळ्या हसल्या. म्या बी हसले, खोटं कशाला बोलू.

लेकराचा पहिला प्रवास मामाच्या घरी असतो. तुला भाऊ न्हाई, आईबाप राहिलं न्हाईत, त्यात तुझा दोष न्हाई. पण म्हणून कुणाच्या बी दारात जाऊन त्याला माहेर म्हणायचं व्हय? "कधीही ये गं" म्हणाली म्हणं. अगं, कधीही ये म्हणजे येऊ नको. दिवस धरून बोलावत्यात, त्याला बोलावणं म्हणत्यात.

इमानात कानाला दडं बसत्यात. लेकरानं भोकाड पसरलं तर मधी उतरायची सोय न्हाई. तिकीट रद्द कर.

गोजाबाई

—

वाकड,
गुरुवार, ६ नोव्हेंबर

ती. आत्या,

नमस्कार. चिठ्ठी मेथीखाली नव्हती, मुळ्याच्या पाल्यात गुंडाळलेली होती आणि ओंकारने ती आधीच वाचलेली होती. त्याला विचारलं, तुझं काय म्हणणं आहे? तर म्हणाला, "तुमचं तुम्ही बघा." हे वाक्य तुम्ही त्याला पाळण्यातच शिकवलं होतं का? त्याला दुसरं काही बोलताना मी अजून ऐकलेलं नाही.

तिकीट रद्द होणार नाही. डॉक्टरांना विचारलंय. विमान चढताना आणि उतरताना बाळाला पाजायचं, म्हणजे कान दुखत नाहीत. एवढं सोपं आहे. भैरोबाला त्रास द्यायची गरज पडली नाही.

आणि तुमच्या जाऊबाई हसल्या त्याबद्दल. त्या कशालाही हसतात. कंपन्यांना दिलेल्या शेडचं भाडं कुणाला किती येतं आणि कुणाच्या सुनेने दारात गाडी कशी वाकडी लावली, याशिवाय त्या ओट्यावर तिसरा विषय मी दोन वर्षांत ऐकला नाही. अशा बायकांनी माझी मैत्रीण तपासायची, म्हणजे कमालच आहे.

विजूबद्दल तुम्हाला काय माहीत आहे? भोसरीत कंपनीत ट्रेनी म्हणून लागलो तेव्हा कासारवाडीला आम्ही एका खोलीत राहायचो. स्टेशनच्या इतक्या जवळ, की गाडी गेली की भांडी वाजायची. एकच गादी होती. तिची शिफ्ट असली की मी झोपायची, माझी असली की ती. आई तर मी शाळेत असतानाच गेली. बाबा गेले तेव्हा हिने रजा टाकली आणि मी जेवत नव्हते म्हणून मला हाताने भरवलं. तुमच्या भावकीतल्या कुणी कुणाला असं भरवलेलं मला दाखवा.

लग्न झाल्यापासून दर सणाला ऐकतेय, मोनिकाकडून काय आलं? काहीच नाही का? संक्रांतीला ऐकलं, डोहाळजेवणाला ऐकलं, बारशाला तर विचारूच नका. प्रत्येक वेळी मी हसून आत जाते आणि पाणी पिते. एकदा, फक्त एकदा, मला माझं लेकरू घेऊन अशा दारात उभं राहायचंय जिथे आतून कुणीतरी "आलीस का गं" म्हणत धावत येईल. एवढंच आहे सगळं. मला माहेर आहे की नाही, ते मला बघायचंय. याची थट्टा करायची असेल तर खुशाल करा.

ओंकारला रजा नाही. मी आणि गणराज, दोघंच जाणार.

मोनिका

—

निघोजे,
रविवार, ९ नोव्हेंबर

मोनिकास,

थट्टा करणारच. एका गादीवर निजलं, हातानं भरवलं म्हणून माहेर झालं असतं तर दवाखान्यातल्या सगळ्या नर्सा माझ्या बहिणी झाल्या असत्या.

पण तू जाणारच म्हणतीस तर एक ठरवू. मार्गशीर्षात जावळ धरलंय. त्याच्या आधी भावकीतल्या बाया चहाला बोलावणार हाय. तुझ्या मैत्रिणीनं खरंच बाळंतविडा दिला, तर म्या तो सुपात घालून सगळ्यांपुढं मांडीन आणि जावेच्या कानात वरडून सांगीन, की हे मोनिकाच्या माहेरचं. न्हाई दिला, तर माहेर हा शब्द माझ्या ओट्यावर पुन्यांदा काढायचा न्हाई. मंजूर असंल तर पिशवी परत पाठव, नामंजूर असंल तरी पाठव, पिशव्या लई झाल्यात तुझ्याकडं.

संगट गोधडी देते. माझ्या जुन्या लुगड्यांची हाय, मऊ झालीया. गणूला तिच्यावरच निजवायचं. धुवायची न्हाई, उसवायची न्हाई, इमानात बॅगंमधी टाकायची न्हाई. लेकरापासनं हातभर लांब करायची न्हाई. कारण इचारू नको.

गोजाबाई

—

चेन्नई,
शनिवार, १५ नोव्हेंबर

ती. आत्या,

पैज मंजूर होती, आहे आणि राहील. हे पत्र लिहून त्याचा फोटो ओंकारच्या मोबाईलवर पाठवतेय. तो तुम्हाला वाचून दाखवेल.

आधी गोधडीचं बोलू. आत्या, तुम्ही गोधडीत चाकू शिवलात?

मी लोहगाव विमानतळावर तपासणीच्या रांगेत उभी. गणराज पुढे पट्ट्यात बांधलेला, एका हातात बुटं, एका हातात त्याची बाटली. तुम्ही सांगितलं म्हणून गोधडी खांद्यावर. ती मशिनमधून गेली आणि पट्टा थांबला. पडद्यावर बघणाऱ्या माणसाने दुसऱ्याला बोलावलं, दुसऱ्याने तिसऱ्याला. एक उंच बाई आली आणि म्हणाली, "मॅडम, इसमें क्या है?" मी म्हटलं, कुछ नहीं, गोधडी है. ती म्हणाली, "गोधडी में छुरी है." मी हसले, आत्या! मला वाटलं तिचं काहीतरी चुकतंय. मी तिला ऐटीत म्हटलं, मेरी सास ने सिया है, खोलके देखो. तिने कात्री आणली आणि सगळ्यांसमोर तुमचे टाके कापले. आतून ते पातं निघालं, लाल फडक्यात गुंडाळलेलं, हळदकुंकू लावलेलं.

मागे रांग थांबलेली. एक माणूस म्हणाला, "आजकल बच्चों को भी..." आणि पुढचं बोलला नाही. मी समजावत होते, बाळाच्या उशाशी लोखंड ठेवायची आमच्याकडे पद्धत आहे, दृष्ट लागू नये म्हणून. माझ्या तोंडून! ज्या गोष्टीसाठी मी तुम्हाला पाच महिने हसले, त्याच गोष्टीची मी हिंदीत वकिली करत होते. त्या बाईने शेवटी कुठेतरी लिहून घेतलं, पातं ठेवून घेतलं आणि फाटकी गोधडी माझ्या हातात दिली. "घर में दादी है क्या?" म्हणाली. आणि हसली. विमानात सगळ्यात शेवटी मी चढले, चिंध्या सांडत.

वर जाताना पाजलं, कान दुखले नाहीत. नंतर मात्र रडला. पुढच्या सीटवरच्या बाईने दोनदा मागे वळून बघितलं, जणू मी घरून मुद्दाम रडतं बाळ निवडून आणलं होतं.

असो. इथे सगळं छान आहे. विजूचं घर काय सुंदर! सोफा पांढराशुभ्र, पडदे थेट जमिनीपर्यंत, स्वयंपाकघरात एक डबा बाहेर दिसत नाही. प्रज्वल, म्हणजे तिचा नवरा, घरूनच काम करतो, त्यामुळे घर अगदी शांत असतं. आम्हाला वेगळी खोली दिलीय. ती तिची ऑफिसची खोली आहे, त्यामुळे दिवसा तिच्या मीटिंग असतात तेव्हा आम्ही गॅलरीत बसतो. गॅलरी फार हवेशीर आहे. सोफ्यावर विजूने आमच्यासाठी मुद्दाम प्लास्टिक अंथरलंय. किती विचार करते.

गणराज खूष आहे. तुमच्या जाऊबाईंना सांगा.

मोनिका

—

निघोजे,
सोमवार, १७ नोव्हेंबर

मोनिकास,

वाचून दाखवायला म्या आंधळी न्हाई. ओंकार वाचत व्हता तर मधीच खोकत व्हता आणि खोकला की दोन वळी गाळत व्हता. मोबाईल काढून घेतला आणि अक्षर मोठं करून म्याच वाचलं. हे माझं पान त्यानं फोटो काढून तुला पाठवावं, त्यात त्याला खोकायला वाव न्हाई.

चाकू चाकू काय करतीस? मूठ काढली व्हती. मूठ न्हाई तर चाकू कसला, नुस्तं पातं हाय ते. ओंकारच्या उशाला व्हतं, रणजीतच्या उशाला व्हतं, माझे दोघं बी ल्योक धडधाकट झाले. त्यातला एक बोलत न्हाई, पण ते लोखंडामुळं न्हाई. तुझ्या इमानतळावरच्या शहाण्यांना एवढं बी ठाव नसंल तर ते देश कसा राखत्यात? आणि म्या उसवू नको म्हणून सांगितलं व्हतं, तर तू ऐटीत "खोलके देखो" म्हणालीस. बोललं कोण, तू का म्या?

ती उंच बाई मातुर चांगली दिसती. घरात म्हातारी हाय का म्हणून तिनं इचारलं. तुझ्या मैत्रिणीनं इचारलं का?

आता नीट ऐक. तुझं पत्र म्या तीनदा वाचलं. सोफा हाय, पडदे हायेत, डबं दिसत न्हाईत हे बी कळलं. तिनं गणूला मांडीवर घेतल्याचं एका बी वळीत न्हाई. त्याचं तोंड कुणासारखं हाय ते ती म्हणाली, असं न्हाई. दारात कोण आलं, "आलीस का गं" कोण म्हणालं, ते बी न्हाई. पावण्याला गॅलरीत बसवत्यात का गं? आमी तर ऊसतोडीच्या बायांना बी ओट्यावर घेतो. आणि सोफ्यावर प्लास्टिक तुझ्यासाठी अंथरलं म्हणतीस. ते सोफ्यासाठी हाय, येडे.

जेवायला काय करती? का ते बी फोनवरून मागवती?

उत्तर दे. सोफ्याचं सोडून.

गोजाबाई

—

चेन्नई,
मंगळवार, १८ नोव्हेंबर

ती. आत्या,

तुम्हाला पडद्यातही दोष दिसतात, यात नवल नाही. विजू मोठ्या हुद्द्यावर आहे. तिला दिवसभर काम असतं. तुमच्यासारखं ओट्यावर बसून कोण कुणाच्या मांडीवर बसलं याची मोजदाद करत बसायला तिला वेळ नाही.

दारात ती आली होती. काय म्हणाली ते आता आठवत नाही. कानात इयरफोन होता, मीटिंग चालू होती, तरी आली.

आणि हो, बाळंतविडा मिळणार आहे. सांगितलंय मी तिला तसं, म्हणजे ती स्वतःहूनच म्हणाली. तुम्ही सूप घासून ठेवा.

ओंकार हे वाचेलच; मोबाईल लागला नाही तर त्याने काळजी करू नये.

मोनिका

—

वाकड,
सोमवार, २४ नोव्हेंबर

ती. आत्या,

काल, रविवारी, ठरल्याप्रमाणे परत आलो. मुद्दाम आधी कळवलं नाही, प्रवासाचा शीण होता.

आता तोंडाने बोलायचं नसलं तरी डोळ्यांनी बघा. ओंकारसोबत पिशवी पाठवतेय. माझ्यासाठी साडी, मोरपंखी, काठ तुम्हाला आवडतात तसे. गणराजला दोन अंगडी, दोन टोपडी, दुपटं आणि कुंची. कुंचीला मणी लावलेत, पाठीवर झालर आहे, सगळं रीतसर आहे. निघताना विजूने पाटावर बसवून माझी ओटी भरली. तिचे डोळे भरून आले होते. "माहेरी लवकर ये," म्हणाली. गणराजला तर खाली ठेवायलाच तयार नव्हती. प्रज्वलसुद्धा त्याला घेऊन घरभर फिरत होता.

तेव्हा आता सूप काढा, बायका बोलवा आणि जाऊबाईंच्या कानात ओरडायचं ठरलंय ते ओरडा. पैज म्हणजे पैज. मला माहेर आहे, आत्या. आता तरी हे मान्य करा आणि हा विषय बंद करा. मला यावर आणखी काही लिहायचं नाही.

तुमची गोधडी मी पुन्हा शिवून घेतलीय, लोखंड न घालता.

मोनिका

—

निघोजे,
सोमवार, १ डिसेंबर

मोनिकास,

तू मला येडी समजतीस का लई येडी समजतीस, ते आधी ठरव.

रविवारी आलीस म्हणं. त्याच्या आधीच्या बुधवारी ओंकार अर्धी शिफ्ट टाकून पळाला, ते बी भाजी न घेता. माझं पोरगं भाजी सोडून पळतं तवा कुठं तरी आग लागलेली असती. दुसऱ्या दिवशी आला तवा त्याला चुलीपाशी बसवला, पुढ्यात पिठलं भाकरी ठेवली आणि इचारलं. पहिल्या भाकरीला "तुमचं तुम्ही बघा" म्हणाला. दुसऱ्या भाकरीला रडला.

सगळं सांगितलं त्यानं. प्रज्वलचा साहेब घरी जेवायला येणार व्हता. गणू रडत व्हता. तर तुझ्या मैत्रिणीनं तुला सांगितलं, आजच्या दिवस जवळच्या हॉटेलात राहा, खोली बघून ठेवलीया. आणि तू, जी माझ्यापुढं हातभर जीभ चालवतीस, ती तिथं "हो गं, काहीच हरकत नाही" म्हणालीस. बॅग भरलीस. हॉटेलात गेली न्हाईस, थेट इमानतळावर जाऊन बसलीस, मिळंल ते तिकीट काढलंस. ओंकार न्यायला आला तर त्याला बघून हसलीस म्हणं, आणि गाडीत निजलीस. तू गाडीत निजणारी बाई न्हाईस. त्याला गाडी कशी चालवायची ते शिकवत बसणारी बाई हायस तू.

लेकरू रडतं म्हणून दाराभायेर काढलं त्या बयेनं! पाच महिन्याचं लेकरू रडंल न्हाई तर काय हिशोब लिव्हंल? त्या साहेबाला आईनं जन्म दिला न्हवता व्हय, का तो बी फोनवरून मागवला? एक डाव भरवलं म्हणून जन्मभर आठवण काढत बसलीस तिची. तिनं भरवलं ते खरं, ते म्या काढून घेत न्हाई. पण त्या खोलीतली पोरगी आता त्या घरात राहत न्हाई. पांढरा सोफा राहतो तिथं. त्याला माहेर कुणी म्हणंल का?

आता बाळंतविडा. लई थाटात लिव्हलंस, डोळं भरून आलं, पाटावर बसवलं. तिच्या घरात पाट असंल तर म्या मिशी ठेवीन. तुझी पिशवी सोडली आणि कुंची हातात घेतली. एक टाका बघितला आणि खाली बसले. अगं, ही शालनबाईची कुंची हाय. आपल्याच आळीतली शालनबाई, डावखुरी. तिचा टाका उलट्या अंगाला पडतो, अंधारात बोट फिरवलं तरी कळतो मला. ती चिंचवडच्या दुकानाला कुंच्या शिवून देती. मद्रासचा बाळंतविडा म्हणून तू मला माझ्याच आळीतली कुंची दिलीस! चार दिवस वाकडच्या घरात लपून बसलीस आणि चिंचवडला जाऊन आपल्या हातानं आपला बाळंतविडा आणलास. तिथं एकलीनं साडीचे काठ बघितले असशील, कुठला रंग बरा दिसंल म्हणून. ते माझ्या डोळ्यापुढं आलं आणि म्या तुझ्यावर लई चिडले. अजून चिडलेलीच हाय.

शुक्रवारी बाया आल्या. सूप घासून ठेवलं व्हतं. साडी मांडली, अंगडी मांडली, कुंची मधी ठेवली, आणि जावेच्या कानापाशी तोंड नेऊन वरडले, "हे मोनिकाच्या माहेरचं! मद्रासवरनं आलंय, इमानानं!" तिचा चहा सांडला. बाया पुढं सरकल्या, काठ चाचपायला लागल्या. त्यात शालनबाई बी व्हती. तिनं कुंची उचलली, आतून उलटी केली आणि तोंड उघडलं, "अगं गोजा, ही तर..." म्या तिच्याकडं असं बघितलं की तिनं उघडलेल्या तोंडात बिस्कीट घातलं. मग म्हणाली, "मद्रासकडं हात चांगला हाय गं बायांचा." बाया निघून गेल्या तरी ती बसून राहिली. "पोरीला सांग, पुढच्या येळंला माझ्याकडनं घे, दुकानवाला दुप्पट लावतो," म्हणाली.

तर भावकीत तुझं माहेर झालं. जाऊ जळून बसलीया, ते बघून मला बरं वाटतं.

पण पैज तू हरलीस, ते तुला ठाव हाय आणि मला ठाव हाय. ठरलं व्हतं, हरलीस तर माहेर हा शब्द माझ्या ओट्यावर काढायचा न्हाई. बरोबर हाय, काढू नको. आपल्याच माहेरात बसून कोण माहेर माहेर करतं?

रविवारी जावळ हाय. मामाच्या मांडीवर बसवून काढायचं असतं. रणजीतला सांगितलंय, तू त्या दिवसापास्नं काका न्हाईस, मामा हायस, धोतर नेसून बस. तो म्हणाला, असं कसं बदलता येईल? म्या म्हणाले, मी तुझी आई हाय आणि मोनिकाची बी, मग तू कोण लागतोस ते तूच मोज. लई येळ मोजत बसला. मग मांडी घालून बघितली.

पूजंला म्या ओंकारच्या बाजूनं बसणार न्हाई, तुझ्या बाजूनं बसणार. तिकडं कुणाला बसवायचं ते त्याचं त्यानं बघावं, त्याला ते वाक्य चांगलं येतं. तू गणूला घेऊन शनिवारीच ये, दुपारच्या आत. म्या दारात असंन, शपथंचं भैरोबाशी म्या बघून घेईन. ओंकारला म्हणावं, त्यानं रविवारी सकाळी यावं, जावई येतो तसं, आणि मोकळ्या हातानं येऊ नये.

गोजाबाई